पास्ता ए फाजोली: घेवडा ‘मिळून’ येतो तेव्हा

आमटीत डाळ तळाशी आणि पाणी वर राहिलं की घरात कुणीतरी म्हणतंच, “मिळून नाही आली.” इटलीतल्या नेपल्स शहराच्या स्वयंपाकघरात हीच अपेक्षा ‘पास्ता ए फाजोली’कडून असते. नावाचा अर्थ साधा: पास्ता आणि घेवड्याचे दाणे. पण ती पातळ सूपासारखी झाली तर नेपल्सच्या माणसाचं समाधान होत नाही. ती ‘आत्सेक्काता’ हवी, म्हणजे चिकटून एकजीव झालेली. यात साय नाही, लोणी नाही, वरून पीठ लावलेलं नाही. मग हा दाटपणा येतो कुठून?

राजमा हाही घेवड्याचाच दाणा. तो शिजवून बोटांत चिरडून पाहा. जिभेला पिठूळ लागतो तो भाग म्हणजे एकमेकींपासून सुट्या झालेल्या पेशी. कच्च्या दाण्यात या पेशी पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने जोडलेल्या असतात. उकळताना पेक्टिन विरघळतं आणि पेशी सुटतात, पण बहुतेक फुटत नाहीत. स्टार्च त्यांच्या आतच पाणी पिऊन फुगतो आणि तिथेच कोंडलेला राहतो. म्हणून दाणे कितीही मऊ शिजले तरी रस्सा पातळच राहू शकतो. पेशी फोडाव्याच लागतात. ईशान्य इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात त्यासाठी बरेचसे दाणे एका हातयंत्रातून काढतात. ते यंत्र पाहिलं की मराठी माणूस लगेच म्हणेल, हे तर पुरणयंत्र! उरलेले दाणे अख्खेच ठेवतात, म्हणजे दाताखाली काहीतरी येतं.

नेपल्सची वाट निराळी. तिथे पास्ता वेगळ्या पाण्यात न उकळता थेट घेवड्याच्या भांड्यात टाकतात. पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. त्यातली ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनाची जाळी बराचसा स्टार्च धरून ठेवते, तरी बाहेरच्या थरातला थोडा पाण्यात उतरतोच. वेगळं उकळून निथळलं की तो मोरीत जातो. इथे तो रश्शात राहतो. पास्ताही एका जातीचा नसतो. डब्यांच्या तळाशी उरलेले नाना आकारांचे तुकडे, मोडक्या स्पागेत्ती, नळ्या, सगळं एकत्र. याला ‘पास्ता मिस्ता’ म्हणतात, आणि आता कारखानेही असं मिश्रण मुद्दाम तयार करून विकतात. बारीक तुकडे आधी शिजून विरघळू लागतात आणि रस्सा बांधतात, जाड तुकड्यांना चावण्याजोगा कणखरपणा राहतो. उत्तर इटलीतल्या एमिलियात ताज्या पिठाच्या पोळीचे वेडेवाकडे तुकडे घालतात, ‘माल्ताल्याती’, म्हणजे ‘वाईट कापलेले’. उकळत्या वरणात कणकेचे तुकडे सोडून वरणफळं करणाऱ्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही.

एकदा मी घाईत टोमॅटो सुरुवातीलाच घातले. दोन तास उकळूनही दाणे टणकच. दोष आमच्या गॅसचा नव्हता. आम्लात पेक्टिन सहजी विरघळत नाही, म्हणून पेशी सुटत नाहीत. आमटीत आमसूल किंवा चिंच डाळ शिजल्यावर घालायची, यामागेही हेच आहे. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही पेक्टिनचे धागे बांधून ठेवतं. याउलट भिजवणीच्या पाण्यात थोडं मीठ घातलं तर सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल लवकर मऊ होते. मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही, असं आपण ऐकत आलो आहोत. भिजवताना तरी ते उलटं आहे.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नये. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन हे लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. दाणे किमान ५ तास भिजवावेत, ते पाणी फेकावं आणि ताज्या पाण्यात ३० मिनिटं खळखळून उकळावेत, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात ८० अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळलेला राजमा नुसता अर्धवट सुरक्षित राहतो, एवढंच नाही. त्याचा विषारीपणा उलट वाढू शकतो.

इतका ‘अस्सल इटालियन’ वाटणारा हा दाणा मुळात इटलीचा नाहीच. आपला राजमा, श्रावण घेवडा आणि तिकडचे बोर्लोत्ती, कान्नेल्लीनी ही सगळी एकाच अमेरिकी जातीची भावंडं. सोळाव्या शतकापूर्वी इटलीत ‘फाजोली’ म्हणजे चवळी. इटालियन चित्रकार अन्नीबाले कार्राच्चीच्या १५८० च्या दशकातल्या चित्रात घेवडा खाणारा माणूस चमचा तोंडाशी नेतो आहे, आणि वाडग्यातल्या दाण्यांवर चवळीसारखे काळे डोळे दिसतात. नवा दाणा आला, त्याने चवळीची जागा घेतली आणि नावही घेतलं. व्हेनेतोतल्या बेल्लुनोजवळच्या लामोन गावचा घेवडा आज युरोपीय संघाच्या भौगोलिक मानांकनाचा आहे.

गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, घेवड्यात भरपूर. घेवड्यात गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी, ती गव्हात. गरिबाच्या ताटातली ही जोडी एकमेकांची उणीव भरते. मांस न परवडणाऱ्यांनी चवीसाठी डुकराची कातडी घातली, तिच्यातलं कोलाजेन जिलेटिन होऊन रश्शाला आणखी अंग आलं. नेपल्सच्या किनाऱ्यावर शिंपलेही घालतात. पार्मेझान चीजची उरलेली कडक साल भांड्यात टाकण्याची युक्ती मला सर्वांत आवडते. तिच्यातलं ग्लुटामेट सगळ्या भांड्याला चव देतं.

भांडं उतरवल्यावरही काम चालूच असतं. घेवड्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज हा सरळ साखळीचा घटक तुलनेने जास्त असतो आणि निवताना त्याचे लांब रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात. म्हणून व्हेनेतोत ती गरमागरम नाही, कोमट वाढतात, वर कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार. रात्रीची उरलेली सकाळी पाहिली तर भांड्यात चमचा उभा राहतो. गरम करताना पळीभर पाणी घालावंच लागतं.