गोलविक्रम (फुटबॉल)

फुटबॉलमध्ये एखाद्या खेळाडूने ठरावीक कक्षेत, म्हणजे एका सामन्यात, एका स्पर्धेत, एका हंगामात, एका वर्षात किंवा संपूर्ण कारकिर्दीत केलेल्या सर्वाधिक गोलांच्या नोंदीला गोलविक्रम म्हणतात. व्याख्या सोपी वाटली तरी या खेळातील बहुतेक वाद ‘कोणते गोल धरायचे’ या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात. साखळी सामने, चषक स्पर्धा आणि राष्ट्रीय संघांचे मान्यताप्राप्त सामने यांतील गोल सर्वत्र धरले जातात. क्लबांचे मैत्रीपूर्ण सामने, दौऱ्यांतील प्रदर्शनी सामने आणि युवा संघांतील गोल सहसा वगळले जातात. सामन्याच्या वेळेत किंवा जादा वेळेत पेनल्टीवर केलेला गोल खेळाडूच्या खात्यात जमा होतो. बरोबरी सुटावी म्हणून घेतल्या जाणाऱ्या शूटआऊटमधील गोल मात्र होत नाही. गोलाच्या दिशेने निघालेला फटका बचावपटूला चाटून आत गेला, तर श्रेय फटका मारणाऱ्याला मिळते. बाहेर जाणारा चेंडू बचावपटूमुळे आत वळला, तर तो स्वयंगोल ठरतो. यांतला एकेक नियम बदलला की विक्रमांच्या यादीतला क्रम बदलतो, म्हणून गोलांचा कोणताही आकडा त्याच्या मोजणीच्या नियमासह वाचावा लागतो.

मोजणी आणि तिच्या चुका

मोजणीच बिघडल्याची सर्वांत बोलकी उदाहरणे एकतर्फी सामन्यांत सापडतात. ११ एप्रिल २००१ रोजी ऑस्ट्रेलियातील कॉफ्स हार्बर येथे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला ३१–० असे हरवले आणि आर्ची थॉम्पसनने एकट्याने १३ गोल केले. सामना संपला तेव्हा मैदानावरचा धावफलक ३२ हा आकडा दाखवत होता. पंचांच्या नोंदीशी ताळा केल्यावर ३१ हा आकडा कायम झाला. थॉम्पसनच्या आधी राष्ट्रीय संघांच्या सामन्यात १० गोलांची नोंद दोघांच्या नावावर होती: १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या सोफुस नील्सनने फ्रान्सविरुद्ध आणि १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या गॉटफ्रीड फुक्सने रशियाविरुद्ध ती केली होती. पराभूत संघाची बाजूही नोंदीत यायला हवी. पारपत्रांच्या अडचणीमुळे अमेरिकन सामोआच्या नेहमीच्या संघातील एकटा गोलरक्षक निकी सालापू खेळू शकला आणि उरलेल्या जागा कोवळ्या मुलांनी भराव्या लागल्या; त्यांत पंधरा वर्षांची मुलेही होती. या सामन्यानंतर ओशनिया विभागात दुबळ्या संघांसाठी वेगळी प्राथमिक फेरी सुरू झाली.

अशीच गफलत त्याच्या शंभरहून अधिक वर्षे आधी स्कॉटलंडमध्ये घडली होती. १२ सप्टेंबर १८८५ रोजी स्कॉटिश चषकात आर्ब्रोथने बॉन ॲकॉर्डला ३६–० ने हरवले आणि अठरा वर्षांच्या जॉन पेट्रीने १३ गोल केले. त्याच दिवशी जवळच्या डंडी गावी डंडी हार्पने ॲबर्डीन रोव्हर्सवर ३५ गोल चढवले. तिथल्या पंचांनी ३७ गोल मोजले होते, पण हार्पच्याच चिटणिसाने आपली मोजणी ३५ असल्याचे सांगितल्यावर पंचांनी तो आकडा मान्य केला, असे सांगितले जाते. हे खरे धरले, तर एका संघाने स्वतःच्या प्रामाणिकपणापायी विक्रम सोडून दिला असे म्हणावे लागते. सर्वाधिक गोलफरकाची नोंद मात्र मादागास्करमधील एका सामन्याची आहे. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी एएस आदेमाने तो १४९–० असा जिंकला; पण ते सारे गोल आधीच्या सामन्यातील पंचाच्या निर्णयाच्या निषेधार्थ प्रतिस्पर्ध्यांनी स्वतःच्याच जाळ्यात मारलेले होते. गोलकर्त्यांच्या यादीत त्या दिवशी आदेमाच्या एकाही खेळाडूचे नाव चढले नाही.

जागतिक महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या, नोंदीही कायमच्या नसतात. विश्वचषकातील पहिली हॅटट्रिक म्हणून अनेक दशके अर्जेंटिनाच्या गिलेर्मो स्ताबिलेचे नाव दिले जाई. त्याने ती १९ जुलै १९३० रोजी मेक्सिकोविरुद्ध केली होती. पण दोनच दिवस आधी अमेरिकेच्या बर्ट पॅटेनॉडने पॅराग्वेविरुद्ध तीन गोल केले होते आणि त्यांतला एक काही नोंदींत दुसऱ्याच्या नावे, काहींत स्वयंगोल म्हणून लागला होता. फिफाने ही चूक २००६ साली, म्हणजे ७६ वर्षांनी दुरुस्त केली. तोवर पॅटेनॉड हयात नव्हता. त्याच फेरतपासणीत ब्राझीलच्या लिओनिदासचा १९३८ मधील एक गोल कमी झाला आणि चेकोस्लोव्हाकियाच्या ओल्द्रिच नेयेद्लीचा १९३४ मधील एक वाढला.

कारकिर्दीतील गोल

मोजणीच्या नियमांचा सर्वांत मोठा फरक कारकिर्दीच्या एकूण गोलांत पडतो आणि त्याचे ठळक उदाहरण पेले हे आहे. त्याच्या नावे १,२८० च्या घरातले गोल सांगितले जातात. त्यांत सान्तोस क्लबच्या दौऱ्यांतील मैत्रीपूर्ण सामने आणि लष्करी संघाकडून खेळलेले सामनेही येतात. अधिकृत सामनेच धरले, तर हा आकडा ७५० च्या आसपास उतरतो. उरलेल्या गोलांना पोकळ म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सान्तोसचे दौरे युरोपातील बलाढ्य क्लबांविरुद्ध होत आणि क्लबचा खर्च त्यांवरच चाले. त्या काळी त्या सामन्यांना आजच्या मैत्रीपूर्ण सामन्यांपेक्षा कितीतरी अधिक मोल होते. १९ नोव्हेंबर १९६९ रोजी माराकाना मैदानावर वास्को द गामाविरुद्ध पेलेने हजारावा गोल पेनल्टीवर केला. गोलरक्षक आन्द्रादाने योग्य बाजूला झेप घेतली होती. चेंडू आत गेल्यावर त्याने चिडून जमिनीवर मुठी आपटल्या. तोवर छायाचित्रकार आणि वार्ताहर मैदानात धावले होते आणि खेळ बराच वेळ थांबला. पुढे २० मे २००७ रोजी रोमारियोनेही स्वतःच्या मोजणीनुसार हजारावा गोल केला, तोही पेनल्टीवरच. या वेळी वास्को द गामा हा त्याचा स्वतःचा संघ होता. त्या हजारांत युवा संघांतील आणि मैत्रीपूर्ण सामन्यांतील गोल धरलेले आहेत.

एकाच क्लबसाठीच्या गोलांचा वादही याच वळणाने गेला. सान्तोसकडून पेलेचे अधिकृत ६४३ गोल आहेत. २२ डिसेंबर २०२० रोजी लिओनेल मेस्सीने बार्सिलोनासाठी ६४४ वा गोल केला, तेव्हा सान्तोसने मैत्रीपूर्ण सामन्यांतील ४४८ गोल मिळवून पेलेचा आकडा १,०९१ असल्याचे जाहीर केले. मेस्सीने बार्सिलोना सोडले तेव्हा त्याचा आकडा ६७२ होता.

व्हिएन्नात जन्मलेल्या आणि मुख्यतः प्रागच्या स्लाव्हिया संघाकडून गाजलेल्या योसेफ बिकानची नोंद आणखी गुंतागुंतीची आहे. त्याच्या खात्यात ८०५ अधिकृत गोल धरले जात. ख्रिस्तियानो रोनाल्डो त्याच्या जवळ येऊ लागताच, २०२१ च्या जानेवारीत, चेक फुटबॉल संघटनेने फेरमोजणी करून ८२१ हा आकडा पुढे केला. बिकानचे कितीतरी गोल युद्धकाळातील साखळीत झाले होते आणि त्या नोंदी विखुरलेल्या होत्या, त्यामुळे या फेरमोजणीकडे निव्वळ हट्ट म्हणून पाहणे योग्य नाही. रोनाल्डोने पुढे हा आकडाही मागे टाकला आणि ५ सप्टेंबर २०२४ रोजी क्रोएशियाविरुद्ध ९०० वा अधिकृत गोल केला.

एका वर्षातील गोलांची कथा याला जोडूनच सांगायला हवी. पश्चिम जर्मनीच्या गेर्ड म्युलरने १९७२ मध्ये ८५ गोल केले होते. मेस्सीने २०१२ मध्ये ९१ करून तो विक्रम मोडताच झांबियाच्या संघटनेने दावा केला की त्याच १९७२ साली गॉडफ्रे चितालूने १०७ गोल केले होते. युरोपातील साखळ्यांच्या नोंदी जपल्या गेल्या आणि आफ्रिकेतल्या कुणी विचारल्या नाहीत, ही त्यामागची तक्रार रास्त आहे.

विश्वचषकातील विक्रम

एका विश्वचषकातील सर्वाधिक गोलांचा विक्रम फ्रान्सच्या जुस्त फॉन्तेनच्या नावावर आहे. १९५८ साली स्वीडनमध्ये त्याने सहा सामन्यांत १३ गोल केले. त्याला संघात जागा मिळाली ती रेने ब्लियार जायबंदी झाल्यामुळे. सरावात त्याचे बूट फाटले, म्हणून सहकारी स्तेफान ब्रुएचे बूट घालून तो खेळला. पॅराग्वेविरुद्ध तीन, युगोस्लाव्हियाविरुद्ध दोन, स्कॉटलंडविरुद्ध एक, उत्तर आयर्लंडविरुद्ध दोन, उपांत्य सामन्यात ब्राझीलविरुद्ध एक आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत पश्चिम जर्मनीविरुद्ध चार, असा त्याच्या गोलांचा हिशेब आहे. म्हणजे एकही सामना गोलाविना गेला नाही. शेवटच्या सामन्यात फ्रान्सला पेनल्टी मिळाली, ती रेमों कोपाने घेतली. कोपाचे पास हेच फॉन्तेनच्या यशाचे अर्धे भांडवल होते. पुढे पाय दोनदा मोडल्याने १९६२ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याला खेळ सोडावा लागला. फ्रान्ससाठी २१ सामन्यांत ३० गोल ही त्याची कमाई. आधीच्याच, म्हणजे १९५४ च्या स्पर्धेत हंगेरीच्या सांदोर कोचिशने पाच सामन्यांत ११ गोल केले होते आणि १९७० मध्ये म्युलरने १० केले. त्यानंतर २०२२ पर्यंतच्या तेरा स्पर्धांत कुणालाही आठच्या पुढे जाता आले नाही. बचाव अधिक संघटित झाला आणि खेळाडूंची शारीरिक तयारी वाढली, ही त्याची मुख्य कारणे.

अनेक स्पर्धा मिळून म्युलरचे १४ गोल झाले होते. ब्राझीलच्या रोनाल्डोने २००६ मध्ये १५ वा गोल करून त्याला मागे टाकले आणि जर्मनीच्या मिरोस्लाव क्लोजेने ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंते येथे, ब्राझीलच्या ७–१ अशा पराभवात, १६ वा गोल केला. क्लोजेने २००२, २००६, २०१० आणि २०१४ या चार स्पर्धांत अनुक्रमे पाच, पाच, चार आणि दोन गोल केले. त्यांतले २००२ मधले पाचही डोक्याने मारलेले होते. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत एका सामन्यात पाच गोल करणारा एकमेव पुरुष खेळाडू रशियाचा ओलेग सालेंको. १९९४ मध्ये कॅमेरूनविरुद्ध त्याने ते केले आणि त्या स्पर्धेतले सहा गोल हेच रशियासाठीचे त्याचे सारे गोल ठरले. त्याच सामन्यात कॅमेरूनच्या रॉजर मिलाने वयाच्या ४२ व्या वर्षी गोल केला.

हंगामातील विक्रम

इंग्लंडमधील साखळीत एव्हर्टनच्या डिक्सी डीनने १९२७–२८ च्या हंगामात ३९ सामन्यांत ६० गोल केले. त्याआधीच्या हंगामात मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅम्सेलने दुसऱ्या विभागात ५९ गोलांचा विक्रम केला होता. डीनला अखेरच्या सामन्यात आर्सेनलविरुद्ध तीन गोल हवे होते. दोन लवकर झाले आणि सामना संपायला काही मिनिटे उरली असताना कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर त्याने डोक्याने तिसरा केला. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात त्याच डोक्याचे हाड मोडले होते. या दोन लागोपाठच्या विक्रमांमागे नियमबदल आहे. १९२५ पर्यंत ऑफसाइड (सहकाऱ्याने चेंडू दिला त्या क्षणी नियमाबाहेर पुढे असणे) नसण्यासाठी आक्रमकापुढे प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत. त्या वर्षी ही संख्या दोनवर आली. परिणामी इंग्लिश साखळीतील एकूण गोल १९२४–२५ मधील ४,७०० वरून पुढच्याच हंगामात ६,३७३ वर गेले. बचावाने या बदलाशी जुळवून घेण्यापूर्वीच्या काळात डीन आणि कॅम्सेल यांना ही संधी मिळाली. म्हणून डीनचे कर्तृत्व कमी होत नाही. तीच संधी साऱ्या आक्रमकांना होती आणि साठावर एकटाच पोहोचला.

जर्मनीत म्युलरचा १९७१–७२ मधील ४० गोलांचा विक्रम ४९ वर्षे टिकला. रॉबर्ट लेवांडोवस्कीने २२ मे २०२१ रोजी हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, ९० व्या मिनिटाला ४१ वा गोल करून तो मोडला. याच लेवांडोवस्कीने २२ सप्टेंबर २०१५ रोजी वोल्फ्सबर्गविरुद्ध मध्यंतरानंतर राखीव खेळाडू म्हणून उतरून नऊ मिनिटांत पाच गोल केले होते. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल साखळीतील ॲलन शिअररचे २६० गोल वाचताना, ते १९९२ पासूनचेच आहेत आणि त्याआधीचे शतकभराचे गोल वेगळ्या यादीत राहतात, हे ध्यानात ठेवावे. इंग्लिश साखळीच्या साऱ्या विभागांत मिळून आर्थर रोलीचे ४३४ गोल आहेत.

राष्ट्रीय संघांसाठीचे गोल

पुरुषांमध्ये इराणच्या अली दाईचा विक्रम (तो १०९ गोलांचा धरला जाई, नंतरच्या काही नोंदींत १०८) १ सप्टेंबर २०२१ रोजी ख्रिस्तियानो रोनाल्डोने मोडला. आयर्लंडविरुद्ध पोर्तुगाल मागे असताना ८९ व्या मिनिटाला आणि मग भरपाई वेळेत त्याने डोक्याने दोन गोल केले. हंगेरीच्या फेरेन्क पुस्कासचे ८५ सामन्यांत ८४ आणि म्युलरचे ६२ सामन्यांत ६८ गोल सरासरीच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत. भारताच्या सुनील छेत्रीने ९० चा टप्पा ओलांडला आहे.

‘सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल’ असे नुसते म्हटले, तर मात्र उत्तर कॅनडाची ख्रिस्तीन सिंक्लेअर हेच आहे. २९ जानेवारी २०२० रोजी तिने अमेरिकेच्या ॲबी वॉमबॅकचा १८४ गोलांचा विक्रम मोडला आणि १९० गोलांवर कारकीर्द संपवली. महिलांच्या पहिल्या, म्हणजे १९९१ च्या विश्वचषकात अमेरिकेच्या मिशेल एकर्सने १० गोल केले. त्यांतले पाच एकाच सामन्यातले. ब्राझीलच्या मार्ताने १८ जून २०१९ रोजी इटलीविरुद्ध पेनल्टीवर विश्वचषकातला आपला १७ वा गोल केला आणि त्या दिवशी क्लोजेचे १६ गोल दुसऱ्या क्रमांकावर गेले.