‘निष्क्रिय’ टॅग म्हणजे नेमका कोणता?

आरएफआयडी म्हणजे चिप आणि अँटेना असलेला टॅग रेडिओलहरींनी दुरून वाचण्याचं तंत्र. त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे ओळखण्याच्या यंत्रणेत शोधलं जातं. टॅगवरून माणसाचा माग काढता येईल, हा खासगीपणाचा प्रश्न मात्र टॅग स्वस्त करायला घेतल्यावर आला. १९९९मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पाचं लक्ष्य होतं ५ सेंटांचा टॅग. बारकोडवरून साबण कोणता एवढंच कळतं. टॅगमधल्या ९६ बिटांच्या (शून्य-एकच्या ९६ अंकांच्या) नव्या क्रमांकावरून नेमकी तीच वडी कळते. पण या किमतीच्या चिपमध्ये माहिती सांकेतिक करून लपवणारं नेहमीचं कूटलेखन बसेना. मग तोडगा निघाला की गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडताना टॅग ‘मारायचा’, म्हणजे कायमचा बंद करायचा.

इथे मराठीत मोठा घोळ होतो. बॅटरी नसलेला, रीडरच्या (टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या) लहरींवरच चालणारा टॅग म्हणजे ‘पॅसिव्ह’. त्याला आपण ‘निष्क्रिय’ म्हणतो. आणि विक्रीनंतर बंद केलेल्या टॅगलाही ‘निष्क्रिय केलेला’च म्हणतो. पहिला कुठल्याही जुळत्या रीडरने विचारलं की मुकाट्याने नंबर सांगतो, दुसरा कायमचा गप्प असतो. ‘टॅग निष्क्रिय आहे, काळजी नको’ हे वाक्य वाचणाऱ्याने यातून काय समजायचं? मला हा निव्वळ भाषेचा प्रश्न वाटत नाही. पहिल्यासाठी ‘बिनबॅटरीचा’ हा साधा शब्द आहे, तोच वापरावा.

असा घोळ प्रत्यक्षातही घालता येतो, हे जर्मनीतल्या राइनबर्गच्या एका दुकानात दिसलं. तिथे टॅग बंद करायचं यंत्र ठेवलं होतं. त्याने मालाचा क्रमांक पुसला जाई, पण चिपवर कारखान्यातच कोरलेला स्वतंत्र क्रमांक तसाच राही, म्हणजे माग काढायला पुरेसं शिल्लक होतंच. तिथल्या ग्राहक-कार्डातही न सांगता चिप बसवली होती. २००४च्या सुरुवातीला ते उघडकीला आलं, निदर्शनं ठरली आणि कार्डं मागे घ्यावी लागली. त्याआधी, २००३मध्ये, एका इटालियन कपडे कंपनीची टॅग लावण्याची योजना बहिष्काराच्या हाकेने अडली होती.

संशोधकांनी २००३मध्येच ‘हॅश’ या गणिती क्रियेवर चालणारं, योग्य किल्लीशिवाय नंबर न सांगणारं कुलूप आणि रीडरला गोंधळात टाकणारा ‘ब्लॉकर’ टॅग सुचवला होता. डिसेंबर २००४च्या टॅगांच्या दुसऱ्या पिढीच्या मानकात मात्र भर ‘किल’वरच, म्हणजे टॅग मारण्यावरच, राहिला. आधी एका प्रकारात ८ बिटांचा, म्हणजे फक्त २५६ शक्यतांचा असलेला, टॅग मारण्याचा पासवर्ड ३२ बिटांचा झाला, ही सुधारणा खरीच. पण तो शून्य ठेवला तर टॅग मारताच येत नाही, आणि तो भरायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवत नाही.

मे २००९मध्ये युरोपात शिफारस आली: गिऱ्हाइकाची संमती नसेल तर विक्रीच्या जागीच, फुकट टॅग बंद करा. खासगीपणाला धोका संभवत नसल्याचं मूल्यमापनात दिसलं तर सूट होती. २०१३च्या मानकात टॅग न मारता क्रमांकाचा भाग लपवायची आणि वाचनाचं अंतर घटवायची सोय आली, तीही ऐच्छिक.

तयार कपड्याचा कागदी टॅग उजेडासमोर धरून पाहा. कधीकधी आत नागमोडी अँटेना आणि मोहरीहून लहान काळा ठिपका दिसतो. हा टॅग कपड्यावरून कापून टाकता येतो. फेब्रुवारी २०२१पासून सक्तीचा झालेला गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही बिनबॅटरीचाच आहे, पण तो टोलनाका ओलांडल्यावरही काचेवरच राहतो.