'हात लावू नये' ते हँडल मोडेपर्यंत

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत लहानपणी नेलेल्या प्रत्येकाला 'हात लावू नये' ही पाटी पाठ असते. जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा कला महोत्सव भरला की तीच माणसं गॅलरीबाहेरच्या रस्त्यावर दिसेल त्या चाकाला फिरवून बघतात, लोंबणारी दोरी ओढतात, भिंतीवर आपलं नाव लिहितात. आतून बाहेर यायला शंभर पावलंही पडत नाहीत, पण मांडणशिल्पाला, म्हणजे जागेत वस्तू मांडून केलेल्या कलाकृतीला, हात लावायची मुभा मिळाली कशी हे सांगायचं तर न्यूयॉर्क आणि लंडनला वळसा घालून यावं लागतं.

ऑक्टोबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या रूबेन गॅलरीत अॅलन काप्रो या कलाकाराने प्लास्टिकचे पडदे लावून तीन खोल्या केल्या आणि आलेल्यांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या. कधी उठायचं, कोणत्या खोलीत जाऊन बसायचं, सगळं त्यात लिहिलेलं. या प्रकाराला पुढे 'हॅपनिंग' हे नाव चिकटलं. प्रेक्षक कामात शिरला खरा, पण दिलेल्या सूचना पाळण्यापुरताच.

सूचना नसल्या तर काय होतं ते १९७१ मध्ये लंडनच्या टेट गॅलरीला कळलं. शिल्पकार रॉबर्ट मॉरिसने लाकडी उतार, डुगडुगणाऱ्या फळ्या, मोठाले गोळे आणि दोर मांडले होते. चढा, ढकला, तोल सांभाळा, असा मोकळा मामला. लोक असे काही तुटून पडले की फळ्यांची कुसळं निघाली, माणसं खरचटली आणि चार-पाच दिवसांतच प्रदर्शन गुंडाळावं लागलं. २००९ मध्ये टेट मॉडर्नने तेच काम जास्त मजबूत साहित्यात पुन्हा उभं केलं. सार्वजनिक जागेसाठी काही बनवणाऱ्याने कलेच्या सिद्धांतांआधी हा किस्सा वाचावा, असं माझं मत आहे.

इकडे मुंबईत हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, 'आपले गणपतीचे देखावे म्हणजे तेच की!' अर्धं पटतं. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. सायकलच्या चेनवर आणि छोट्या मोटारींवर माना डोलावणारे चलचित्र देखावे आपण बघत मोठे झालो. पण देखाव्यासमोरचा माणूस दोरीच्या अलीकडे असतो आणि स्वयंसेवक 'पुढे चला, पुढे चला' करत त्याला हाकलत असतो. खरा सहभाग त्याआधी होऊन गेलेला असतो, वर्गणीत आणि देखावा उभारत काढलेल्या रात्रींत. दहीहंडीची गोष्ट वेगळी. थर लागत असताना खिडक्या-गॅलऱ्यांतून बादल्या रिकाम्या होतात. पाणी कधी ओतायचं हे कोणी कोणाला शिकवत नाही.

गॅलरीतलं मांडणशिल्प मुंबईत ठळकपणे दिसू लागलं ते नव्वदच्या दशकात. केमोल्ड गॅलरी तेव्हा जहांगीरच्याच वरच्या मजल्यावर होती. चित्रकार नलिनी मलानी यांनी १९९१ मध्ये लोहार चाळीची गल्ली पारदर्शक पडद्यांवर रंगवली, बघणाऱ्याने त्यांच्यामधून चालायचं. पुढच्याच वर्षी त्यांनी थेट भिंतींवर चित्रं काढली आणि नंतर ती पुसून टाकली. विकत घेऊन घरी न्यावं असं त्यात काही उरलंच नाही.

गॅलरीचा उंबरा ओलांडणारं माझ्या मते सगळ्यात धाडसी काम मुंबईच्या कलाकार शिल्पा गुप्ता यांचं. २००२ च्या गुजरात दंगलींनंतरचे दिवस. गुप्ता छोट्या बाटल्यांत रक्तासारखा लाल द्रव भरून लोकल ट्रेनमध्ये शिरल्या. लेबलवरच्या मजकुराचा आशय असा: तुझा धर्म, तुझं राष्ट्रीयत्व या तुझ्या हातात नसलेल्या गोष्टींसाठी मी तुला दोष देते, आणि त्याने मला बरं वाटतं. लोकलमध्ये टिकल्या, सेफ्टी पिना आणि लिंबू पिळायची यंत्रं विकणाऱ्यांची आपल्याला सवय असते. त्याच सवयीने हातात आलेली बाटली वाचता वाचता शेजारच्या प्रवाशाकडे नजर जाणार, आणि तिथे काम सुरू होणार. ना वायर, ना सेन्सर.

सेन्सरचा काळही आलाच. अमेरिकेत मायरन क्रूगर हा संगणक-कलाकार सत्तरच्या दशकापासून माणसाची आकृती कॅमेऱ्याने टिपून पडद्यावरच्या चित्राशी तिचा खेळ लावत होता, पण त्याला प्रयोगशाळा लागायची. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो हा सेन्सर आणि दिवे चालवणारा स्वस्त इलेक्ट्रॉनिक बोर्ड निघाला आणि थोड्याच वर्षांत तो मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांत मिळायला लागला. आर्किटेक्चरचे विद्यार्थी तिथून वायरी, एलईडी आणि अंतर मोजणारे सेन्सर पिशवीभर आणून रात्रभर जोडाजोड करू लागले. माणूस जवळ आला की दिवा लागणार, हे तर ठरलेलंच. त्यातली बरीच कामं एकाच विनोदावर उभी असतात, हेही सांगून टाकतो.

काळा घोडा महोत्सव १९९९ चा. ज्या घोड्यावरून नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच राणीच्या बागेत हलवला गेला होता. स्वाराविना नवा घोडा आला २०१७ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस ससून डॉकमध्ये कलाप्रकल्प भरला. कोळणींची मोठी छायाचित्रं भिंतींवर लागली, आणि कधी त्या बाजूला न फिरकलेली मुंबई नाकाला रुमाल लावून आली. सहभागी कोण, छायाचित्रातल्या बायका की सेल्फी काढणारे, हा प्रश्न मला तिथून परतताना छळत होता.

मुंबईत असं काही उभारायचं तर हिशेब गर्दीचा. अशाच एका महोत्सवात आम्ही हँडल फिरवलं की पत्र्याचे पक्षी उडतील असं यंत्र केलं होतं. एका माणसाच्या जोराचा अंदाज बांधला होता. पहिल्या शनिवारी संध्याकाळी त्या हँडलला पाच पोरं एकदम लोंबकळली आणि वेल्डिंग सुटलं. दोष पोरांचा नव्हता. हँडल त्यांच्या छातीच्या उंचीवर होतं, लोंबकळण्याजोगंच. रविवारी सकाळी हातगाडी दुरुस्त करणाऱ्याकडून जाड लोखंडी आस आणून बसवला आणि हँडल वीतभर खाली घेतलं. पक्षी पहिल्यापेक्षा हळू उडू लागले, पण सोमवारपर्यंत टिकले.