डिझेल पेट घेण्याआधीचा एक मिलिसेकंद

डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा सिलिंडरमध्ये शिरतो, पण लगेच पेटत नाही. थेंबांची वाफ व्हायची, ती हवेत मिसळायची, मग रासायनिक साखळी सुरू व्हायची. याला साधारण एक मिलिसेकंद लागतो. मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वेगाला तेवढ्यात क्रँक (पिस्टनच्या ये-जेने फिरणारा दांडा) ९ अंश फिरलेला असतो. हाच इग्निशन डिले. तो लांबला की साचलेलं इंधन एकदम भडकतं, दाब झटक्यात चढतो आणि इंजिन खडखडतं.

याचं उत्तर सुरुवातीला इंधनात शोधलं गेलं. १९३०च्या दशकात सीटेन अंकाची पट्टी आली: झटकन पेटणाऱ्या सीटेनला १००, पेटायला कुरकुरणाऱ्या अल्फा-मिथिलनॅप्थलीनला शून्य. पुढे १९७९ मध्ये हार्डेनबर्ग आणि हाझे यांनी दिलेलं सूत्र आजही वापरात आहे. त्यात तापमान आहे, दाब आहे, पिस्टनचा वेग आहे, सीटेन अंक आहे; हवेत आधीच मिसळलेल्या गॅसला, म्हणजे नैसर्गिक वायूसारख्या दुसऱ्या इंधनाला, मात्र जागा नाही. फवाऱ्याभोवती हवाच असणार, हे त्यात गृहीतच आहे.

खरं तर गॅसची कल्पना जुनी. १९०१ साली मिळालेल्या अमेरिकी पेटंटात खुद्द रुडॉल्फ डिझेलनेच ती मांडली होती: सहजी न पेटणारं इंधन हवेबरोबर दाबायचं आणि लवकर पेटणाऱ्या दुसऱ्या इंधनाने ते पेटवायचं. नैसर्गिक वायूला ही युक्ती चपखल बसते. त्यातला मिथेन आपणहून पेटायला ५००च्या वर अंश सेल्सिअस मागतो, डिझेलला त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरतात. म्हणून गॅस हवेसोबत आत घ्यायचा आणि तो पेटवण्यापुरता डिझेलचा छोटा फवारा, म्हणजे पायलट, मारायचा.

पण त्यामुळे डिझेलला पेटायला शुद्ध हवा मिळेना. आधी लंडनमध्ये आणि मग कॅलगरी विद्यापीठात घाझी करीम यांनी या प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. त्यांना दिसलं की गॅस वाढवत नेला की डिले आधी वाढतो, एका टोकाला पोचतो आणि मग पुन्हा कमी होतो. गॅसने ऑक्सिजनची जागा घेतली, हे कारण सर्रास सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं: ऑक्सिजन पूर्ण वापरला जाईल एवढा मिथेन घातला, तरी तो मिश्रणाच्या दहाव्या हिश्शाहून कमीच जागा घेतो. मिथेनची उष्माधारकता जास्त, त्यामुळे दाबल्यावर मिश्रण हवेइतकं तापत नाही. हे कारण अधिक वजनदार. आणि रसायनशास्त्राचं कारण तर विसरूच नये. डिझेलच्या रेणूंना साखळी सुरू करायला जे हायड्रॉक्सिल मूलक (ऑक्सिजन-हायड्रोजनचे अतिक्रियाशील तुकडे) लागतात, तेच मिथेन गिळत बसतो. तापमान तेवढंच ठेवलं तरी डिले लांबतो तो यामुळे.

हे सगळं हलक्या लोडला सर्वात जाचतं. पायलट उशिरा पेटतो, भोवतीचा गॅस विरळ असतो, ज्वाला कडेपर्यंत पोचत नाही आणि न जळलेला मिथेन धुरांड्यातून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ तीसपट तापवतो. २००६ पासून द्रवरूप वायू वाहणाऱ्या जहाजांवर ड्युअल-फ्युएल, म्हणजे गॅस आणि डिझेल दोन्हींवर चालणारी, इंजिनं आली, तसा हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर पडला.

नंतर विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉल्फ राइट्झ यांच्या गटाने विचारच उलटा केला. पेटायला नाखूष असलेलं इंधन आधीच हवेत मिसळायचं, डिझेल मुद्दाम लवकर सोडायचं, डिले लांबू द्यायचा आणि तेवढ्या वेळात ते नीट पसरू द्यायचं. काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड दोन्ही घटले. आधी पेट्रोलवर जमलेलं हे तंत्र पुढे नैसर्गिक वायूवरही आजमावलं गेलं.