मर्क्युरियल

‘मर्क्युरियल’ हे स्वभाववाचक इंग्रजी विशेषण आहे. ज्याची मनःस्थिती झरझर पालटते आणि पुढच्या घटकेला तो कसा वागेल याचा नेम नसतो, अशा माणसाला किंवा त्याच्या स्वभावाला ते लावतात. उच्चारताना जोर ‘क्यु’वर येतो. मराठीत त्याला ठरलेला प्रतिशब्द नाही. जो सर्वांत आधी सुचतो, तो बहुधा चुकीचा असतो.

शब्दाचे मूळ मर्क्युरी या रोमन देवात आहे. हा देवांचा निरोप्या, व्यापारी आणि वाटसरूंचा पाठीराखा, शिवाय चोरांचाही. सूर्याभोवतीची फेरी ८८ दिवसांत उरकणाऱ्या सर्वांत वेगवान ग्रहाला, म्हणजे आपल्या बुधाला, त्याचेच नाव मिळाले. युरोपातल्या किमयागारांनी ग्रहांना धातू वाटून दिले होते: रवीला सोने, चंद्राला चांदी, मंगळाला लोखंड, शुक्राला तांबे, गुरूला कथील, शनीला शिसे. बुधाच्या वाट्याला पारा आला. बाकीच्या जोड्या विस्मरणात गेल्या, पाऱ्याला मात्र इंग्रजीत ग्रहाचे नाव कायमचे चिकटले.

चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ बुधाशी संबंधित, बुधाच्या अमलाखाली जन्मलेला, असा होता. तसा माणूस वाक्पटू, चलाख आणि प्रसंगी लबाड समजला जाई. पत्रिका पाहणाऱ्याला हे परके वाटू नये, कारण आपल्या ज्योतिषातही बुध वाणीचा आणि बुद्धीचा कारक आहे. (शब्दकोश घ्यायला पुणेकर अप्पा बळवंत चौकात जातो, तोही बुधवार पेठेतच, हा निव्वळ योगायोग.) गुरूवरून ‘जोव्हियल’ म्हणजे आनंदी आणि शनीवरून ‘सॅटर्नाइन’ म्हणजे खिन्न, गंभीर, ही विशेषणे याच कुळातली. ‘मर्क्युरियल’ला चंचलतेचा रंग चढला तो पुढे, पाऱ्याच्या गुणांवरून.

पारा हा नेहमीच्या तापमानाला द्रव असणारा धातू. पाण्याच्या साडेतेरापट जड, तरी बोटाखाली न सापडणारा. संस्कृतानेही त्याचा हा गुण हेरला होता. अमरकोशात पाऱ्याच्या नावांमध्ये ‘चपल’ आहे.

एवढे असूनही मराठी वाचक इथेच फसतो. पुण्यात पारा भेटतो तो हवामानाच्या बातमीत. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून इथे आले, म्हणून शिवाजीनगरची त्याची जागा अजून सिमला ऑफिस म्हणून ओळखली जाते. एप्रिल आला की ‘पारा चाळिशीपार’ हा मथळा ठरलेला. घरातही ‘बाबांचा पारा चढलाय’ म्हटले की मुले आवाज न करता गॅलरीत सटकतात. हा तापमापकाच्या नळीतला पारा. त्याला वर किंवा खाली एवढेच ठाऊक, आणि मराठीने त्यातला चढ रागाला देऊन टाकला. म्हणून ‘मर्क्युरियल’चे भाषांतर सर्रास ‘तापट’ होते. इंग्रजी शब्दातला पारा नळी फुटून फरशीवर पसरलेला आहे: घरंगळणारा, विखुरणारा, पुन्हा एक होणारा. राग ही त्याची अनेक तऱ्हांपैकी एक.

समजा, एखाद्या नाटकाचा दिग्दर्शक तालमीत नटाला मिठी मारून शाबासकी देतो, पंधरा मिनिटांनी त्याच प्रवेशावर संहिता भिरकावतो आणि नऊ वाजता सगळ्यांसाठी भेळ मागवून नकला करत बसतो. हा मर्क्युरियल. रोज ठरल्या वेळी कडाडणारा तापट. त्याचा निदान अंदाज तरी बांधता येतो.

‘लहरी’ बराच जवळचा, पण त्यात बुद्धीची चमक येत नाही. लहरी साहेब मठ्ठही असू शकतो. ‘चंचल’मध्ये अस्थिरता आहे, पण तो शब्द मन, लक्ष्मी आणि अभ्यासात लक्ष नसलेली मुले यांच्यात वाटला गेला आहे. ‘मनस्वी’त तेज आहे, पालट नाही. ‘मूडी’ आता मराठीच झाला. मात्र इंग्रजीत त्याचा कल रुसव्याकडे आणि उदासीकडे आहे. ‘क्षणे रुष्टाः क्षणे तुष्टाः’ हे सुभाषित पालट नेमका पकडते, पण अशा माणसाची कृपासुद्धा भयंकर, असे बजावून मोकळे होते. इंग्रजी शब्दात इतका धाक नाही. कलावंत, खेळाडू, पुढारी यांच्याविषयी तो कौतुक आणि तक्रार एकाच दमात सांगतो. प्रतिभेचा उल्लेख अनेकदा शेजारीच असतो. भाषांतरात म्हणून एका शब्दाचा हट्ट सोडून ‘हुशार पण लहरी’ किंवा ‘घडीत असा, घडीत तसा’ म्हणणे बरे.

दुसरा अर्थ सरळ आहे: पाऱ्याचा, पारायुक्त. जुन्या पाश्चात्त्य वैद्यकात उपदंशावर पाऱ्याची मलमे लावत, त्यांनाही हेच विशेषण लागे.