तुलनात्मक लाभ आणि एकाच वस्तूचा दुतर्फा व्यापार

तुलनात्मक लाभ : एखादी वस्तू तयार करण्यासाठी दुसरी वस्तू किती सोडून द्यावी लागते, यावरून ठरणारा लाभ. ज्याला कमी सोडावे लागते, त्याच्याकडे त्या वस्तूचा तुलनात्मक लाभ असतो. कमी खर्चात करणे आणि कमी सोडून करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा इथेच होतो.

ही कल्पना इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो याने १८१७ मध्ये मांडली. त्याच्या उदाहरणात ठरावीक कापडासाठी इंग्लंडला १०० आणि पोर्तुगालला ९० माणसांचे वर्षभराचे काम लागते. ठरावीक द्राक्षमद्यासाठी इंग्लंडला १२०, पोर्तुगालला ८०. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगालच सरस. पण तेवढ्या मद्यापायी इंग्लंडला कापडाचे १.२ नग सोडावे लागतात, पोर्तुगालला ०.८९. म्हणून पोर्तुगालने मद्य करावे, इंग्लंडने कापड, आणि अदलाबदल करावी. त्यात दोघांचेही भले.

बेळगावच्या सीमाभागात हे रोज दिसते. खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात भात, कृष्णाकाठी अथणी-रायबागकडे ऊस, निपाणीच्या शिवारात विडीचा तंबाखू. मात्र हा एकाच देशातला व्यापार आहे. भांडवल आणि मजूर देशाची हद्द ओलांडत नाहीत असे रिकार्डोने धरले होते. इथे कर्नाटकातल्या निपाणीचा कामगार सकाळी महाराष्ट्रातल्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जातो आणि संध्याकाळी घरी येतो.

भाताच्या बदल्यात ऊस समजतो. पण कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या धातूच्या नगाच्या, बदल्यात कास्टिंग का? पुणे-बेंगळुरू महामार्गावर राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याशी उभे राहिले, की ओतकामाचा माल दोन्ही दिशांनी जाताना दिसतो. कोल्हापूरलाही फौंड्री (ओतकामाचा कारखाना), बेळगावलाही फौंड्री. याचे उत्तर रिकार्डोकडे मिळत नाही, ते फौंड्रीच्या आत मिळते. एका नगाचा पॅटर्न, म्हणजे साचा घडवण्यासाठीचा नमुना, एकदाच बनवावा लागतो. शंभर नग काढले तर तो खर्च प्रत्येक नगावर जड पडतो, दहा हजार काढले तर जाणवतही नाही. म्हणून एक फौंड्री पंपाची बॉडी धरते, दुसरी गिअरबॉक्सचे घर, आणि दोघीही आपापला नग वर्षानुवर्षे ओतत राहतात. मालासोबतच्या कागदावर मात्र दोन्हींचे नाव 'कास्टिंग'. मोठ्या प्रमाणावरील उत्पादन आणि गिऱ्हाइकाची विविधतेची आवड यांवर उभा असलेला हा विचार पॉल क्रुगमन यांनी १९७९ मध्ये गणिती रूपात मांडला. २००८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

असा दुतर्फा व्यापार ग्रुबेल-लॉइड निर्देशांकाने मोजतात. निर्यात ६० आणि आयात ४० असेल, तर फरक २०, बेरीज १००; फरकाला बेरजेने भागले की ०.२, आणि एकातून ते वजा केले की ०.८. निर्देशांक शून्य म्हणजे व्यापार एकतर्फी, एक म्हणजे पूर्ण दुतर्फा. या आकड्यावर डोळे झाकून भरवसा ठेवू नये, कारण वस्तूंचे वर्गीकरण जितके ढोबळ तितका तो फुगतो. हुक्केरी तालुक्यातील हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग बनून परदेशी जातात, आणि भारतीय कंपन्या अख्खी विमाने बाहेरून आणतात. व्यापाराच्या आकडेवारीत दोन्ही नोंदी विमान व त्याच्या भागांच्या एकाच प्रकरणात बसतात, पण हत्तरगीत धातू कापणारा कामगार आणि परदेशात विमान जोडणारा कामगार एकच काम करत नाहीत. काजूचेही तसेच : कच्चे बी आफ्रिकेतून येते, सोललेला गर निर्यात होतो. अशा व्यवहारांत तुलनात्मक लाभच काम करत असतो, फक्त अख्ख्या वस्तूऐवजी तिच्या एकेका टप्प्यावर.

सिद्धांतातला लाभ देशाच्या एकूण हिशेबातला असतो; तो कुणाच्या पदरात किती पडतो हे त्यात येत नाही. शिवाय एका धंद्यातला माणूस दुसऱ्यात सहज सामावतो, असे त्यात धरलेले असते. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांसमोर सुरतेची स्वस्त साडी आली, तेव्हा गिऱ्हाइकाचे पैसे वाचले हे खरेच. पण जन्मभर मागावर बसलेला पन्नाशीतला विणकर दुसऱ्या दिवशी उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभा राहू शकत नाही.