अर्धं प्रोटीन शाबूत, तरी पीटीएच चालत नाही : स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझमची पार्श्वभूमी

कॅल्शियम कमी, फॉस्फेट जास्त, आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन, जे कॅल्शियम वाढवतं आणि लघवीतून फॉस्फेट बाहेर टाकतं) मात्र चढलेलं, असा रिपोर्ट हातात आला की आज लगेच स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझमची शंका येते. १९४२ मध्ये पहिलं वर्णन झालं तेव्हा पीटीएच मोजायची सोयच नव्हती, पेशंटला पॅराथायरॉइडचा अर्क टोचून बघितला, लघवीतून फॉस्फेट काही वाढेना, आणि तेवढ्यावरून निष्कर्ष काढला की हार्मोनची कमतरता नाही, शरीरच त्याला दाद देत नाहीये. हार्मोन रेझिस्टन्सचं हे पहिलं उदाहरण. १९५२ मध्ये या पेशंटसारख्याच ठेवणीचे, म्हणजे बुटके, गोल चेहऱ्याचे, मूठ वळली की चौथ्या-पाचव्या बोटाच्या मुळाशी उंचवट्याऐवजी खळगा दिसणारे पण रक्त एकदम नॉर्मल असलेले लोक सापडले, आणि त्यांच्या आजाराला स्यूडो-स्यूडो असं दुहेरी नाव चिकटलं. दोन्ही प्रकार एकाच घराण्यात कसे दिसतात हे मात्र पुढची चाळीसेक वर्षं कुणालाच नीट सांगता आलं नाही.

पेशीच्या आत काय बिघडलंय याचा पहिला धागा १९६९ ला मिळाला. पीटीएच दिल्यावर लघवीत सायक्लिक एएमपी (हार्मोनचा संदेश पेशीच्या आत पोचवणारा रेणू) झपकन वाढायला हवं, ते या पेशंटमध्ये वाढतच नव्हतं. म्हणजे बिघाड सायक्लिक एएमपी तयार होण्याच्या आधीच, रिसेप्टर (हार्मोन जिथे चिकटतं ते पेशीवरचं प्रोटीन) किंवा त्याच्या लगेच पुढे. १९८० मध्ये तांबड्या रक्तपेशींत जीएस प्रोटीनची (रिसेप्टरचा संदेश पुढे नेऊन सायक्लिक एएमपी तयार करवणारं प्रोटीन) ॲक्टिव्हिटी मोजली तर बऱ्याच पेशंटमध्ये ती साधारण निम्मी भरली, आणि १९९० मध्ये ते बनवणाऱ्या, २० नंबरच्या क्रोमोसोमवरच्या जीएनएएस जीनमधले म्युटेशन (बिघाड) सापडले.

इथे खरं कोडं सुरू होतं. जीनच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली, म्हणजे निम्मं जीएस-अल्फा (जीएस प्रोटीनचा मुख्य भाग) शिल्लक आहे, आणि बहुतेक पेशींचं निम्म्यावर भागतं. मग किडनीत पीटीएच जवळपास पूर्ण निकामी का? आणि स्यूडो-स्यूडोवाल्यांच्या तांबड्या पेशींतही तेवढीच निम्मी ॲक्टिव्हिटी, तरी त्यांना रेझिस्टन्स अजिबात नाही, हे कसं?

उत्तर घराण्यांच्या वंशावळीतच होतं. १९९३ च्या सुमारास लक्षात आलं की म्युटेशन आईकडून आलं तर मुलांना रेझिस्टन्स येतो, वडिलांकडून आलं तर नुसती शरीराची ठेवण तशी होते. १९९८ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगांनी कारण दाखवलं : किडनीच्या प्रॉक्सिमल ट्यूब्यूलमध्ये (गाळणीनंतरच्या नळीचा सुरुवातीचा भाग) वडिलांची प्रत जवळजवळ गप्पच असते, सगळी भिस्त आईच्या प्रतीवर. थायरॉइड, पिट्यूटरी, अंडाशय इथेही साधारण तसंच, म्हणून टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) आणि वाढीच्या हार्मोनची साखळीही ढिली पडते. उलट डिस्टल ट्यूब्यूलमध्ये (त्याच नळीचा शेवटाकडचा भाग) दोन्ही प्रती चालू, त्यामुळे तिथे पीटीएच कॅल्शियम नीट अडवतं. एकाच किडनीत, एकाच हार्मोनला, दोन शेजारच्या भागांनी दिलेला वेगळा प्रतिसाद, मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

एक विलक्षण केस १९९४ ची आहे, ती सांगायलाच हवी. एकमेकांशी नातं नसलेल्या दोन मुलग्यांना पीटीएच रेझिस्टन्सही होता आणि अगदी लहान वयात वयात येणंही. दोघांत जीएस-अल्फाचं तेच म्युटेशन, ज्यामुळे प्रोटीन सतत चालू राहतं पण ३७ अंशांना टिकत नाही, लगेच मोडतं. शरीरात सगळीकडे त्याची कमतरता, आणि वृषणात तापमान थोडं कमी म्हणून तिथे ते टिकतं आणि हार्मोन नसतानाही सिग्नल देत राहतं.

आता वर्गीकरणाबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. जुनी विभागणी अशी : ठेवण आहे आणि जीएस निम्मं तर १ए, ठेवण नाही आणि जीएस नॉर्मल तर १बी, सायक्लिक एएमपी वाढतं पण फॉस्फेट बाहेर पडत नाही तर प्रकार २. कागदावर हे सुटसुटीत दिसतं. पण १बी मध्ये दोष जीनच्या अक्षरांत नसून मिथिलेशनमध्ये (जीन चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणांत) निघाला, २००३ मध्ये तर काही घराण्यांत शेजारच्या एसटीएक्स१६ जीनमधला छोटासा तुकडा गळालेला सापडला, आणि मग मिथिलेशनवाल्या काही पेशंटमध्येही आखूड बोटं, गोल चेहरा दिसायला लागला. म्हणजे बाहेरून बघून १ए की १बी ठरवणं भरवशाचं राहिलं नाही. २०११ आणि २०१२ मध्ये पीआरकेएआर१ए आणि पीडीई४डी या साखळीतल्या पुढच्या जीनचे दोष सापडले, त्यांत सायक्लिक एएमपी तयार होतं पण त्याचा संदेश पुढे जात नाही, किंवा ते आधीच मोडलं जातं, मग हे कुठल्या खान्यात टाकायचं?

म्हणून २०१६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने आयपीपीएसडी (पीटीएचचा संदेश अडवणारे आजार) हे नवं छत्र सुचवलं, ज्यात रिसेप्टर, जीएस-अल्फा, मिथिलेशन, पुढची प्रोटीनं असे नंबर दिले आणि ज्यांचं कारण सापडलंच नाही त्यांना एक्स. मला ही दिशा बरोबर वाटते, कारण आजार कुठे अडलाय ते नावातूनच कळतं आणि आईवडिलांना पुढच्या मुलाबद्दल सल्ला देताना नेमकं तेच लागतं. पण विरोधातला मुद्दाही खरा आहे : जीन टेस्ट होईपर्यंत डॉक्टरला बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांवरच काम करावं लागतं, आणि जुनी नावं सगळ्यांच्या तोंडात बसलेली आहेत. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीच्या निवेदनातही शीर्षकात जुनंच नाव राहिलं, त्यामुळे सध्या दोन्ही नावं सोबत चालतात.

प्रकार २ मात्र नव्या वर्गीकरणात जवळजवळ विरघळून गेलाय. व्हिटॅमिन डी खूप कमी असलं तरी हुबेहूब तसंच चित्र दिसतं, म्हणून तो शिक्का मारण्याआधी आता ते तपासून भरून काढतात.